एक रुपया कमी

धक्क्यावरच्या माझ्या टपरीत दोन पाट्या आहेत.
एक निळी, खाऱ्या वाऱ्यानं कडा खाल्लेली: एकशे एकोणचाळीस.
दुसरी लाल, गेल्या मे महिन्यातली,
वरचं प्लास्टिक अजून तसंच: एकशे अडतीस.

"काय गो रंजनवैनी, रुपयाच फक्त?
एवढी कंपनी आली नि रुपयाच?"

मी गिऱ्हाइकांना मकबूल सारंगांच्या तरीची गोष्ट सांगते.
तेव्हा मी परकर नेसायचे.

मकबूलचाचांच्या दोन फेऱ्या.
एक समोरच्या बंदरवाडीला, हाक पोचेल एवढी.
दुसरी आत कातळवाडीला, खाडीच्या तिसऱ्या वळणावर,
भरती धरून जायचं, पाणी फिरायच्या आत निघायचं,
भांगाच्या दिवसांत तर मधेच उतरून चिखलात ढकलायचं.
भाडं दोन्हीकडे सारखंच. पंचायतीचा ठरावच तसा,
लांब राहण्याचा दंड लांबच्यानं भरू नये.
बंदरवाडीची माणसं नुसती बसून असायची,
त्यांना माहीत नव्हतं
त्यांच्या आण्यांनीच कातळवाडीचं वल्हं ओढलं जातंय.

मग मुरकरांची इंजिनाची होडी आली.
फक्त बंदरवाडीला. आठ आणे कमी.
कातळवाडीला? "तिथं खडक लागतात."

चाचांनाही आठ आणे उतरवता आले असते.
पण इथं उतरवले की तिथंही उतरणार,
नि तिथल्या फेरीत आधीच हात रिकामा.
त्यांनी विडी पेटवली
आणि अर्धी माणसं जाऊ दिली.
मुरकरही काही कमी नव्हते.
ज्याचे हात ठरावाला बांधलेत
त्याच्यापुढे आणखी खाली कशाला यायचं?
दोन पावसाळे दोन्ही होड्या एकाच खुंटाला,
एकमेकांना तंबाखू देत.
गाव म्हणायचं, चढाओढ लागली बघा.

आता कातळवाडीच्या सड्यावर निळ्यांचा टॉवर आहे.
डिझेल आलं तर चालतो.
प्रत्येक रिचार्जमधले काही पैसे
कुठल्याशा निधीत जातात म्हणे, अशाच सड्यांसाठी.
ते इथून जातात ते मला दिसतं.
पोचतात ते हमीदाला विचारावं,
मकबूलचाचांच्या धाकटीला,
जी मस्कतच्या फोनसाठी
करवंदीच्या जाळीमागे ठरावीक दगडावर उभी राहते.
तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं, किती रेघा येतात?
ती म्हणाली, "दीड. वारा पडला तर दोन."
साहेबानं दोन लिहिलं.

महिन्यातून एकदा ती येते, ओलं पाऊल फळीवर पुसते,
लाल पाटीकडे बघतसुद्धा नाही,
तिच्या दगडावर लाल पोचतच नाही.
एकशे एकोणचाळीस मोजून ठेवते,
सुट्टा रुपया वेगळा, सगळ्यात वर.

मी नंबर दाबते.
तिला मी अजून सांगितलेलं नाही
की माझ्या स्वतःच्या फोनात
लाल आहे.