आखडलेला हात

तांबट आळीत, पहिल्या मजल्यावर,
खांबेटे आणि मी
इंग्रजी शब्दांना मराठी बिऱ्हाड शोधून द्यायचो.
एक टेबल, एक पंखा, बुटांच्या खोक्यांत कार्डं
आणि खालून दिवसभर ठोके.

'स्टिफ'पाशी अडलो.
मी लिहिलं, ताठ.
खांबेटे म्हणाले, ताठ ही तर शाबासकी झाली.
मान ताठ, कणा ताठ, परटाकडून आलेली कॉलर ताठ.
पुढे एक र जोडा.
मी जोडला.
एवढ्याशा 'र'नं
शाबासकीची तक्रार झाली.

मग आठवडाभर तेच चघळत होतो.
टणक सुपारीला, निबर भेंडीला,
राठ केसांना, चिवट भाडेकरूला
आणि कुणाकुणाच्या आशेला.
कडक कशालाही चालतं, म्हणून कशालाच पुरत नाही :
चहा, शिस्त, ऊन, कोरी नोट.
निगरगट्ट व्हायला आधी पुष्कळ बोलणी खावी लागतात.
आणि करारी, खांबेटे म्हणाले,
फक्त वारलेल्या मुख्याध्यापकांना लावावा.
हयात असेपर्यंत त्यांना खडूसच म्हणतात,
निदान नारायण पेठेत.

'अनयील्डिंग'वर मात्र बिनसलं.
मी म्हटलं, अढळ.
ते म्हणाले, अढळ तारा असतो हो.
माणूस नमतं घेत नाही. 'नमतं न घेणारा' लिहा.
तीन शब्द होतात.
होऊ देत.
एका शब्दाला तीन म्हणजे हार आहे.
असू दे.

अकरा दिवस बोललो नाही.
चहा त्यांचा वेगळा यायचा, माझा वेगळा,
बाबू दोन खेपा घालून वैतागला.
ते कार्ड टेबलाच्या बरोब्बर मध्ये, पेपरवेटखाली.
खाली उदाहरणवाक्यासाठी जागा कोरी होती.
वाक्य दोन खुर्च्यांवर बसलं होतं.

बाराव्या दिवशी मी पाणी भरायला खाली उतरले.
नंदू तांबट घंगाळ हातात फिरवत म्हणाले,
ठोकून ठोकून तांबं रुसतं, ताई.
तरी मारत राहिलं तर चिरतं.
मग भट्टीत घालायचं, लाल होऊ द्यायचं,
बाहेर काढलं की पुन्हा ऐकायला लागतं.
हे सांगायचं म्हणून मी जिना भराभर चढले.
खांबेट्यांच्या हातात कप होता
आणि कप बशीवर वाजत होता.

कर्वे रोडच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंनी त्यांचं कोपर वाकवून पाहिलं.
हात वाकला, पण दातेरी चाकासारखा :
खट, खट,
थांबून
खट.
रिजिडिटी, त्या म्हणाल्या, आणि लिहू लागल्या.
सुनंदावहिनींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे काय गं?
माझ्या जिभेवर आलंच होतं, ताठरपणा.
खांबेटे चेहरा न हलवता, सावकाश बोलले :
ताठर नाही.
ताठरात मर्जी असते.
हा आखडलाय.

मी औषधाच्या पावतीमागे लिहून घेतलं.
त्या शब्दावर आमचा वाद झाला नाही.

हल्ली ते घरून कार्डं पाठवतात.
अक्षर बारीक होत चाललंय.
ओळीच्या सुरुवातीला मुंग्या,
शेवटाकडे मुंग्यांची अंडी.
परवाच्या गठ्ठ्यात 'अनयील्डिंग' आलं.
पहिला अ लागतो.
पुढचं भिंगातूनही लागत नाही.
अढळ असेल.
'अजून बघू' असेल.

छापखान्याचा माणूस दोनदा येऊन गेला.
कार्ड पुन्हा पेपरवेटखाली आहे.
खांबेट्यांना फोन करून विचारता येईल,
ते दुपारी जागेच असतात, सांगतीलही.

मी विचारलेलं नाही.