निव्वळ वजन

सावद्याच्या नाक्यावर माझा काटा आहे.
ट्रक चढतो, खिडकीची काच थरथरते, लाल आकडे थांबतात.
भरलेलं वजन वजा रिकामं वजन,
उरतं ती केळी.
सव्वीस वर्षं मी ही एवढीच वजाबाकी केली.

ह्या वर्षी कुमुद म्हणाली, बेटावर जाऊ.
रावेरला जाऊन येऊ म्हणावं, तशी म्हणाली.
चुलीवर बिबड्यांचं पीठ रटरटत होतं,
हातातला चाटू मात्र थांबलेला.

बेटाचं नाव आमच्या घरात तीन तऱ्हांनी घेतात.
हर्षल इंग्रजीतून, कुमुद नाकातून,
मी घेतच नाही, 'तिथं' म्हणतो.
नकाशात चष्म्याची काडी टेकवून दाखवायला जातो
तर काडीच्या टोकाखाली सगळं झाकलं जातं,
दीपगृह, शाळा, माडांची रांग,
आणि आगाऊ भाडं भरलेली आमची खोलीसुद्धा.

जहाज आठवड्यातून एकदा.
तेही समुद्राच्या मनात असलं तर.
आम्ही पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी हतनूरचं,
त्याला पलीकडे काठ आहे, काठावर म्हशी आहेत.
कुमुद विचारते, काठच नसला तर नजर कुठं ठेवायची?
मी म्हणतो, तिथं गेल्यावर बघू.

अर्ज चार पानी.
'भेटीचे प्रयोजन' ह्या रकान्यात मी पर्यटन लिहिलं,
वाचलं, आणि खोडलं.
खोडाखोड चालत नाही म्हणून नवा अर्ज आणला.
नव्यात तो रकाना अजून कोरा आहे.

तपासाला तडवी हवालदार आले.
त्यांच्या मेहुण्याची गाडी माझ्याच काट्यावर येते,
तरी त्यांनी टोपी काढली नाही.
"काय भो, काय आहे तठी असं?"
पाणी, म्हटलं.
"अन् अजून?"
माड. मासे. केळीपण आहेत म्हणे.
त्यांचं पेन थांबलं.
सावद्याचा माणूस केळी बघायला बेटावर चालला,
हे अहवालात गेलं की नाही, कळलं नाही.
चहा दोनदा झाला.

कुमुदच्या वहीत यादी वाढते आहे.
बिबडे, शेव, कळण्याचं पीठ,
गुडघ्याचं तेल, टॉर्च, पोहायचे कपडे
(ह्यावर एकदा रेघ मारली, खाली पुन्हा लिहिलं).
बामणोदची वांगी जहाजात टिकतील का?
आणि टिकली तर तिथं भाजायला
कपाशीच्या काड्या कुठून आणायच्या?

सामान माणशी वीस किलो.
म्हणून काल रात्री दहाला, नाक्यावर गाडी नव्हती तेव्हा,
आम्ही बॅग घेऊन काट्यावर गेलो.
दिवसभराच्या उन्हानं लोखंड अजून तापलेलं.
बॅग ठेवली. आत जाऊन पाहिलं तर शून्य.
माझा काटा दहा किलोच्या खालचं काही मानत नाही,
आणि यादीतलं अजून काहीच बॅगेत नव्हतं.
"मी उभी राहते," कुमुद म्हणाली.
सत्तर.
ह्यातनं रिकामं किती धरायचं, तिनं बाहेरून ओरडून विचारलं.
सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुठल्या ड्रायव्हरनं विचारला नाही.
मी खिडकीत तसाच बसलो, पावतीचं बटण न दाबता.

चपला काढून ती पाटावर चालायला लागली,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.
पाट जरासा हलतो, गाडी चढताना हलतो तसा,
मला तर त्याची सवयच झालेली.
तिनं पदर खोचला. हात किंचित पसरले.
"जहाज असंच हलेल का हो?"
ह्याहून थोडं जास्त, मी म्हणालो,
जहाजावर जन्म काढल्यासारखा.

तेवढ्यात फैजपूरकडून उजेड आला.
भरलेली गाडी, दिल्लीची, हॉर्नवर हॉर्न.
मी हातानंच त्याला थांब म्हटलं.
तिची अजून एक फेरी राहिली होती.