एक नळी उरते

गाडी खोलताना मी सगळ्याचे फोटो काढले,
फक्त पाण्याच्या नळ्यांचे नाही.
त्यात काय, वाटलं होतं,
पाणी जाणार, पाणी येणार.

आता दोन वर्षांनी, मेत्लिकाच्या गॅरेजात,
रंगवलेलं इंजिन जागेवर बसलंय
आणि खाली जुन्या चादरीवर
सहा रबरी नळ्या,
बाजारात न खपलेल्या पडवळांसारख्या.

पाच कळतात.
जाड वरची: थर्मोस्टॅटपासून रेडिएटरच्या माथ्यावर.
जाड खालची: रेडिएटरच्या तळातून पंपाच्या तोंडात.
बारकी काचेच्या बरणीकडे
(हो, बरणीच. आमच्याकडे अशीत काकड्या मुरवतात).
दोन हीटरच्या, एक नेणारी, एक आणणारी,
कुठली कुठली ते देव जाणे,
पत्र्यातून बाहेर आलेली दोन्ही तोंडं जुळी.
आणि ही सहावी,
वीतभर, कोपरात वाकलेली,
पोटात पितळेचा एक स्क्रू
जो काहीच आवळत नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणतात.
माझ्याकडे तर अजून पाणीच नव्हतं.

शेवटी व्हिंको कोचेवारला बोलावलं.
नोव्हो मेस्तोच्या कारखान्यात
चौदा वर्षं याच गाड्यांना नळ्या बसवल्या त्याने.
तोंडी विचारलं, तर काही आठवेना.
"स्लावका, नळी हातात दे," म्हणाला.
दिली.
मग बोटं चालू लागली,
बघितलंही नाही त्याने, खिडकीबाहेर
द्राक्षांच्या मांडवाकडे बघत होता,
आणि वीस मिनिटांत पाच नळ्या, दहा क्लॅम्प.

"आणि ही?"

त्याने सहावी उलटीपालटी केली,
वास घेतला.
"ही माझी नव्हे. ही योझिपाची.
माझ्या पुढच्या जागेवर उभी असायची."
"ती कुठे लावायची?"
"मला काय माहीत. माझी पाठ होती तिच्याकडे."

चौदा वर्षं.

कूलंट भरलं, इंजिन सुरू केलं.
एक हीटरची नळी हाताला चटका देणारी,
दुसरी माठाच्या बुडासारखी गार.
आत कुठेतरी हवा कुंथत होती,
गुडगुड, मग काहीच नाही,
मग पुन्हा गुडगुड, जेवलेल्या माणसासारखी.
काटा चढत चालला. बंद केलं.
व्हिंको काही न बोलता घरी गेला,
सफरचंदाच्या रसाची बाटली विसरून.

रात्री बॅटरी दातात धरून मी त्या पत्र्यासमोर वाकले.
नव्या निळ्या रंगाखाली पोस्टाचा पिवळा,
त्याखाली गंजाची एक पुसट कमान,
वर, अगदी वर, एक रिकामी क्लिप.
दोनदा रंगवलं होतं मी तिला.
कधी विचारलं नाही तिला, तू काय धरतेस.

सहाव्या नळीच्या कुशीत बोटभर रुंद चपटा वण होता.
क्लिपमध्ये टेकवली.
टक.
स्क्रू आभाळाकडे तोंड करून उभा राहिला,
सगळ्या पाण्याहून उंच.

व्हिंकोने लांब नळी थेट जोडली होती,
ही आडवाट गाळून.
दोघींच्या मध्ये हिला बसवली,
पुन्हा भरलं, पुन्हा सुरू केलं,
स्क्रू दोन आटे सैल केला.
आधी फुस्स.
मग थुंकी. बुडबुडे. पुन्हा फुस्स.
मग हिरवट, गरम, सलग धार,
माझ्या बाहीवर, हनुवटीवर.
घट्ट केला.

मे महिन्याची दुपार, बाहेर अठ्ठावीस अंश,
आणि बाटली न्यायला आलेला व्हिंको
हीटर पूर्ण उघडून पुढच्या सीटवर,
बूट काढून, पाय झडपेशी,
कपाळावरून घाम ओघळतोय, उतरायचं नाव नाही.
"योझिपा," एवढंच म्हणाला एकदा.
मग उतरला, बॉनेटखाली डोकावला,
"क्लॅम्प उलटा बसवलायस.
स्क्रूड्रायव्हर जाणार नाही तिथे."