पन्नास मिलिसेकंद

रात्री तीन बाराला चोंचीच्या अलीकडे
दरड घसरली, तार तुटली.
पडद्यावर एक रेघ लाल झाली
आणि मी कॉफीतला चमचा फिरवायच्या आत
सगळी रहदारी उलट्या अंगाने, बेटाला वळसा घालून
पुन्हा सुरू.
पन्नास मिलिसेकंद. पापणी याहून आळशी असते.

केइलेनच्या दवाखान्यात एक्स-रे पोचला.
सॅल्मनच्या कारखान्याचा हिशेब जुळला.
ओर्तेन्सियाबाई लेकाशी बोलत होत्या,
तो उत्तरेला, तांब्याच्या खाणीत, रातपाळीला.
"कोकरू विकलं" आणि "बटाटे काढायचेत" यांच्या मधल्या फटीत
बेट तुटलं आणि सांधलं.
त्यांना वाटलं, पोराने आवंढा गिळला.

तक्रारी : शून्य.

तरी मी एवारिस्तोला उठवते.
"चालू आहे ना सगळं?"
"चालू आहे."
"मग मला कशाला?"
दर खेपेला विचारतो,
आणि फोनमध्ये बूट चढवल्याचा आवाज येत असतो.
त्याला कळतं. जखम भरलेली नाही,
रक्ताने नुसती वाट बदललीय.
सकाळपर्यंत हे कडं नाही, दोरा आहे.

पूर्वी फोन मेला की लोक त्याच्या नावाने खडे फोडायचे
आणि तो आला की चुलीशी बसवून
बटाट्याची गरम भाकर हातावर ठेवायचे.
कुठल्या घरचं कुत्रं चावतं, त्याला पाठ होतं.
आता तो चिखलात छत्री धरून
काचेचे केस केसाला जोडतो, निघून जातो.
काही बिघडलं होतं, हेच कुणाला माहीत नसतं.

नकाशावर दोन वाटा आहेत, निळी आणि नारिंगी.
तपासनीस आले, खूण करून गेले.
दोन्ही वाटा त्या एका लाकडी पुलाखाली
एकाच नळीतून जातात,
हे नकाशाला माहीत नाही.
एवारिस्तोला आहे. नळी त्यानेच टाकली होती,
त्या साली पैसे संपले होते.
तीन पत्रं लिहिली त्याने. चौथं मी लिहिलं.
"प्रणाली स्वतःला सावरते," असं उत्तर आलं.
पुढच्या मार्चमध्ये तो निवृत्त होतोय.

पाच चाळीसला त्याचा फोन. "जोडलं."
रेघ हिरवी. कडं पुरं.
मी विचारते, "पुलाखाली पाणी किती आहे?"

तो थांबतो.
पन्नास मिलिसेकंदांहून
बराच जास्त वेळ.