दोन पाच

आमच्या आठवड्यात सहावा दिवस नाही.
पाचानंतर पुन्हा पाच येतो,
मग थेट जुमा.

उधारीला हे फार सोयीचं.
"पाचव्या दिवशी देतो," सांगून खिळे आणायचे,
आणि दुकानदार दारात आला की म्हणायचं,
"हा नव्हे, दुसरा पाचवा."

मातोंडोनीच्या किनाऱ्यावर, पालथ्या मचव्याच्या सावलीत
आजोबा मोजून दाखवत, ओठांत कापसाची वात धरून
(फळ्यांच्या फटी बुजवायची):
जुमामोसी पहिला. जुमापिली दुसरा.
जुमातातू, जुमान्ने, जुमातानो.
शुक्रवारची नमाज उरकली की मूठ उघडायची,
ही आपली मोजणी.
मग ईशान्येचा वारा सुटला, अरबांची गलबतं आली,
खजूर उतरला, खारफुटीचे वासे चढले.
त्यांची मोजणी रविवारपासून.
त्यांचा पाचवा, अल्हमिसी, इथंच राहिला.

"भांडण नाही झालं?"
"कशाला? बाकावर जागा होती."

इथं दिवस मावळतीला सुरू होतो,
घोळ झाला तो त्यामुळे.
मी आलो तेव्हा सूर्य खारफुटीत शिरत होता,
भाऊ आला तेव्हा मशिदीत दिवा लागलेला.
एक चटई, एक आई, अर्ध्या तासाचं अंतर,
आणि दोन पाचव्या दिवशी दोन मुलगे.
त्याचं नाव आयतंच होतं: खमीस.
माझ्या दिवसाचं नाव माणसाला कोणी देत नाही.
सुईण म्वानाइशा हात धुता धुता म्हणाली,
"याला नुसतं तानो म्हणा." नुसता पाच.
कागदावर मी अथमान आहे,
पण कागद हाक मारत नाही.
पाच आमच्या पाचवीलाच पुजलेला.

खमीस आता मस्कतला, बंदरात क्रेन चालवतो.
तिथं त्याच्या नावाचा दिवस सगळे बरोबर उच्चारतात, सांगतो,
पण मागं चौथा असतो, पुढं जुमा.
पाचवा एकटाच.

दर जुमातानोला संध्याकाळी त्याचा फोन येतो.
तिकडं अंधार आधी पडतो.
"माझा लागला," म्हणतो, "तुझा संपला का?"
मी तासणी खाली ठेवतो,
पाण्यापलीकडं बघतो.
"थांब," म्हणतो,
"शेंड्यांवर अजून ऊन आहे."