पडद्यावरची नदी

सांगलीतल्या जुन्या लग्नांच्या फोटोंत
नवरानवरीमागं एक नदी दिसते.
सात कमानींचा पूल, पलीकडं टोकदार मनोरा.
लोक अजून ते फोटो घेऊन येतात,
विचारतात, हा घाट कुठला हो? हरिपूरचा?
मी म्हणतो, बसा. चहा सांगतो.

आजोबांचा स्टुडिओ पेठेत, हळदीच्या अडत्याच्या माडीवर.
चौतीस साली तिथं योझेफ आला, व्हिएन्नाचा,
ट्रंकेत ब्रश, अंगावर एकुलता एक कोट.
मागाहून इलोना, बुडापेस्टची,
मिरजेच्या दवाखान्यात रोग्यांचे फोटो काढायला नेमलेली.
काचा धुवायला ती आमच्याकडं यायची.
लाल दिव्याखाली दोघांची ओळख झाली
आणि त्याच रात्री भांडण.

तो म्हणे डोनाऊ, ती म्हणे दुना.
नदी एकच.
तुमच्याकडनं निघते तेव्हा अल्लड असते, ती म्हणायची,
आमच्यात येऊन शहाणी होते.
म्हातारी होते, योझेफ म्हणायचा.
नेमगोंडा चौगुले, माझे आजोबा,
हायपोच्या बशीतनं काच उचलत म्हणाले,
आमची पण एकच हाय बघा. वर कराड, खाली कुरुंदवाड.
कोण भांडत न्हाई.
(हे खरं नव्हतं. पाहुण्यांना काय सांगायचं.)

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण.
तेही शिकले तसंच,
मांडी घालता न येणारी ती दोन माणसं,
भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी,
खिडकीकडं बघत, घाईनं.
मग अंधार पडला की तिघं पुन्हा आत.

पडदा योझेफनं रंगवला. अकरा दिवस.
मनोरा इलोनानं पाठीमागं उभं राहून
तीनदा पुसायला लावला.
आजोबा म्हणाले, कडेला आमची एक होडी असू द्या,
गिऱ्हाइकाला ओळखीचं काहीतरी पाहिजे.
आभाळाला पिवळा कमी पडला
तेव्हा योझेफ खाली जाऊन मूठभर हळद घेऊन आला.
उन्हात टिकायची न्हाई, आजोबा म्हणाले.
फोटोत पिवळा दिसतो कुठं, तो म्हणाला.
मग लावतोस कशाला?
यावर तो जे बोलला ते त्याच्या भाषेत.
इलोना हसली. अर्थ सांगितला नाही.

एकोणचाळीसचा सप्टेंबर. दोन शिपाई जिना चढून आले.
योझेफचा पासपोर्ट मधल्या काळात
न विचारता जर्मन झाला होता.
साडेपाच वाजले होते.
उजेड हाय तवर जेवून जाऊ द्या, आजोबांनी हात जोडले.
शिपाईपण बसले पंगतीला.
इलोनानं फोटो काढला नाही.
ती वाढत होती.

पुढच्या वर्षी तीही बोटीनं गेली. पत्रं आली दोन.
पडदा बासष्टपर्यंत टांगलेला होता.
सगळ्यात आधी आभाळ विटलं,
आजोबांनी सांगितलं होतं तसं, त्यांनी मात्र
दुसरा रंग चढवू दिला नाही.

पाच सालच्या पुरात कृष्णा पेठेत शिरली.
गुंडाळी खालच्या खोलीत होती.
चिखलातनं उलगडली तर पूल नाही, मनोरा नाही.

चहा घ्या, निवतोय.
तुमच्या आजीच्या पदराआड ती होडी दिसते का?
ती आमची.
पाणी त्या दोघांचं.