तंबोरा

खानापूरची शाळा, सातवी ब.
फळ्यावर लिहिलं : तंबोरा, एप्रिल १८१५,
आणि सवयीने खाली एक डोंगर काढला.

मागच्या बाकावरून बसवंत बडिगेर :
"बाई, आमच्या घरात चार हाईत."
वर्ग फुटला. मीही हसले.
त्याचे आप्पा पत्र्यावर भोपळे वाळवतात,
घोड्या घासतात, दोऱ्याने जवारी काढतात.

म्हटलं, हा वेगळा. हा एकदाच वाजला.
हजार मैलांवर लोकांना वाटलं, तोफा.
माथा उडाला, राहिला खड्डा,
भोपळा वरून कापल्यावर आतून दिसतो ना, तसा.
राख आभाळात गेली ती उतरेचना;
पुढल्या वर्षी कुठे कुठे उन्हाळाच आला नाही.

आणि पायथ्याला एक भाषा होती.
बोलणाऱ्यांसकट गेली.
कुणा साहेबाने आधी टिपलेले
अठ्ठेचाळीस शब्द तेवढे उरले.

इथे भाषा म्हटलं की वर्ग गप्प होतो.
स्टँडवरच्या पाटीला परवाच काळं फासलंय.

"पाण्याला काय म्हणूलालते ते लोक?"
मला ठाऊक नव्हतं.
फळा पुसला. खडूची भुकटी
कवडशात लटकून राहिली, खाली बसेना.

घंटा झाली तरी बसवंत दाराशीच,
आप्पांशी कानडी, आईशी मराठी बोलणारा,
बोटं मोजत :
खुंट्या, मेरू, तबली, घोडी, मणके…

"अठ्ठेचाळीस लई कमी हाईत, बाई.
नुसता एक तंबोरा सांगायला
आमच्या आप्पांना वीस लागतात."